डिस्कवर जागा नाही

30 जुलै 2012, सोमवार. पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी उत्तर भारताची वीज गेली. ही गोष्ट त्या वेळेपर्यंतची आहे आणि त्यानंतरची थोडीशी.

गाझियाबादमधल्या इंदिरापुरमचं जे घर पुढे येतं, ते त्या काळच्या अनेक घरांवरून बेतलेलं आहे, म्हणून त्यातल्या माणसांना नावं नाहीत. ग्रिडच्या नोंदी मात्र सरकारी चौकशीत आलेल्या आहेत.

शनिवार, 28 जुलै. मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरमार्गे आग्र्याला जाणाऱ्या 400 केव्हीच्या दोन सर्किटांपैकी एक ठरवून बंद ठेवलेलं आहे. 765 केव्हीवर नेण्याचं काम चालू आहे. पश्चिमेची वीज उत्तरेला नेणारी ही मुख्य वाट, आणि आता तिच्यात एकच सर्किट उरलं आहे. पश्चिमेकडे पाऊस लागला आहे, मागणी उतरली आहे, वीज जास्त आहे. उत्तरेत पाऊस रेंगाळला आहे. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात भातासाठी पंप चालू आहेत.

त्याच दिवशी, दुपारी. घरातला मुलगा नेहरू प्लेसहून फायरवायरचं कार्ड आणि केबल घेऊन येतो. मुलगा म्हणजे अडतिशीतला, दोन पोरांचा बाप. बुधवारी, 1 ऑगस्टला, सांगलीत आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सोमवारी दुपारची गोवा एक्सप्रेस, मंगळवारी रात्री मिरज. जाताना 2003 सालच्या दोन मिनीडीव्ही टेपांची एक डीव्हीडी करून न्यायची, असं ठरलं आहे. पहिल्या टेपवर एक मुंज आहे. दुसऱ्या टेपच्या सुरुवातीला आजी सांगलीचा वाडा दाखवते. खोलीखोलीतून हिंडते आणि कुठे कोण राहायचं, कुठली भिंत कुठल्या पुरात खचली, बाळंतिणीची खोली कुठली, ते सांगते. आजी 2006 मध्ये गेली. वाडा त्यानंतर दोन वर्षांनी पाडला.

रविवार, 29 जुलै, सकाळी 11:15. पहिली टेप कॅप्चर करायला लावली. मिनीडीव्हीत घाई चालत नाही. तासाची टेप तासभरच घेते आणि साधारण 13 जीबी जागा खाते. कंप्युटरच्या सी ड्राइव्हवर सहा-सात जीबीच मोकळे आहेत, म्हणून फाइली बाहेरच्या 320 जीबीच्या यूएसबी ड्राइव्हवर जातात. ड्राइव्ह 2008 ची. दुकानातून आली तशीच वापरात आहे.

दुपारी 12:20. टेप संपली. एक फाइल व्हायला हवी होती, चार झाल्या. तीन जवळपास सारख्या, वीस-वीस मिनिटांच्या, आणि चौथी अगदीच बारीक. प्रत्येक मोठी फाइल 4 जीबीला थांबलेली.

ही पहिली सूचना. ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीची होती आणि त्या पद्धतीत कुठलीही एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरला हे माहीत होतं. त्याने तक्रार न करता तुकडे केले आणि काम पुढे नेलं. तुकडे टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवले की सांधा दिसत नव्हता. मग कशाला विचार करायचा?

दुपारी 1:05. दुसरी टेप. पुन्हा चार तुकडे. वाड्याचा भाग पहिल्याच तुकड्यात आला आहे.

दुपारी तीननंतर. उत्तर आणि पश्चिम ग्रिड जोडणाऱ्या वाहिन्यांवरचा ताण वाढतो, काही वाहिन्या तुटतात. थोड्या वेळात सगळं सावरतं. चौकशी समितीने पुढे या दुपारची दखल घेतली, कारण रात्री जे झालं त्याची ही रंगीत तालीम होती. कटवारिया सरायच्या उत्तर प्रादेशिक भार प्रेषण केंद्रातून राज्यांना निरोप जात राहतात: ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढू नका. त्या वेळच्या नियमात जास्त ओढली तर जास्त पैसे पडत, एवढंच. पैसे नंतर भरायचे होते आणि शेतकऱ्याला पंप आत्ता हवा होता.

इंदिरापुरमच्या ट्यूबलाइटला यातलं काही कळलं नाही.

संध्याकाळी 5:40. पोरांच्या शुभेच्छा घ्यायच्या राहिल्या आहेत. कॅमेऱ्यात घालायला कोरी टेप नाही. मिनीडीव्ही टेप आता जवळच्या दुकानात मिळत नाहीत. मुलगा म्हणतो, "दुसरी घे की. ती आता कंप्युटरवर आली."

बायको विचारते, "नक्की आली ना?"

"आली. बघितली मी."

टेप सुरुवातीपर्यंत मागे जाते. पोरं उभी राहतात. धाकटा दोनदा हसतो, मोठीला श्लोक पहिल्यापासून म्हणायचा असतो. पणजोबांना नमस्कार, मग आईचा निरोप, मग शेजारच्या काकूंचा. रेकॉर्डिंग 14 मिनिटं चालतं. आजीच्या वाड्याची मूळ प्रत इथे संपली. यापुढे ती फक्त त्या यूएसबी ड्राइव्हवर आहे, आणि घरात दुसरी बाहेरची ड्राइव्ह नाही.

7:40. लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब चालू राहतात. कंप्युटरच्या खाली 600 व्हीएचा यूपीएस आहे, त्याची बॅटरी बदलायला झाली आहे. तो तीन-चार वेळा कोकलतो आणि बंद पडतो. एडिटिंगचं प्रोजेक्ट पाच मिनिटांपूर्वी सेव्ह केलं होतं, काही गेलं नाही.

8:25. लाइट येते. यूपीएस कोकलायचा थांबत नाही. धाकटा झोपला आहे. मुलगा यूपीएस काढून बाजूला ठेवतो आणि सीपीयूची पिन भिंतीतल्या सॉकेटला लावतो. सॉकेट इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाइट गेली तरी कंप्युटर चालेल, असा हिशेब.

हिशेब अर्धा बरोबर होता. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर असेल तर बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात आणि कंप्युटरला पत्ता लागत नाही. नॉर्मलवर असेल तर थोडा जास्त वेळ जातो. पंख्याला तेवढा चालतो, कंप्युटरला कधी चालतो, कधी चालत नाही. दिल्लीच्या आसपास तेव्हा व्होल्टेज अनेकदा पडलेलं असे, आणि यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टर उगाच बॅटरीवर उडी मारी. म्हणून बसवणारे इलेक्ट्रिशियन खटका नॉर्मलवर ठेवून जात. या घरातही तो तिथेच होता. वर धूळ होती.

9:10. एडिट पूर्ण. एकूण 1 तास 46 मिनिटं. मुंज, वाडा, अंगणातली पंगत, शेवटी पोरांच्या शुभेच्छांतली दोन मिनिटं. आई येऊन वाड्याचा भाग एकदा बघून जाते. सासूबाईंनी माजघराची खुंटी दाखवली तिथे ती थांबवायला सांगते, पुन्हा लावायला सांगते.

9:50. एनकोडिंगचं पान. 106 मिनिटं एका साध्या डिस्कवर मावायला हवीत. डीव्हीडीवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, पण ते हजाराच्या पटीत मोजलेले. कंप्युटर 1,024 च्या पटीत मोजतो, त्याच्या लेखी ते 4.38. मुलगा व्हिडिओचा बिटरेट सेकंदाला 5.3 मेगाबिट धरतो. दोन पास, म्हणजे चित्र चांगलं येईल. डिस्क तयार आहेत, मोझर बेअरच्या, पन्नासच्या डब्यातल्या उरलेल्या. त्या तिथून जवळच ग्रेटर नोएडात बनत. एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत गणली गेलेली ही कंपनी 2018 मध्ये अवसायनात निघाली; तोवर घरी डीव्हीडी लिहिणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

खाली एक शेवटचा प्रश्न असतो: डिस्कचं फोल्डर बनवायचं की इमेज?

फोल्डर म्हटलं असतं तर सॉफ्टवेअरने डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे 1-1 जीबीच्या व्हीओबी फाइली केल्या असत्या. 1 जीबी फॅट-32 ला सहज चालतो. इमेज म्हणजे सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये. प्रती काढायला इमेज सोयीची, आणि सांगलीत काका-आत्यांनाही प्रती द्यायच्या होत्या. मुलगा इमेज निवडतो. जागा: ई ड्राइव्ह, म्हणजे तीच यूएसबी ड्राइव्ह, 211 जीबी मोकळे. अंदाजे वेळ: 3 तास 40 मिनिटं.

11:30. पहिला पास संपत आला आहे. बॅगा भरून दारापाशी ठेवल्या आहेत. बायको विचारते, "झालं का रे?" तो म्हणतो, तू झोप, दोनपर्यंत होईल.

मध्यरात्र. रात्री मागणी उतरायला हवी. त्या रात्री हवी तेवढी उतरत नाही. उकाडा आहे, कूलर आणि एसी चालू आहेत, शेतांनाही रात्रीचा पुरवठा चालू आहे.

1:34. एनकोडिंग पूर्ण. व्हिडिओची कच्ची फाइल 3.92 जीबी. 4 च्या आत बसली. बिटरेट थोडा वर धरला असता तर ती इथेच अडली असती आणि कारण थोडं आधी कळलं असतं.

1:36. इमेज बनायला सुरुवात. होणार 4.2 जीबीची.

1:47. पंचाण्णव टक्क्यांवर पट्टी थांबते. चौकट येते: डिस्कवर जागा नाही.

ई ड्राइव्हवर जवळजवळ 200 जीबी मोकळे दिसत आहेत.

1:50. पुन्हा. 2:01, पुन्हा पंचाण्णव टक्के, पुन्हा तोच मजकूर. तो काही तात्पुरत्या फाइली उडवतो, जागा आणखी वाढते. मजकूर बदलत नाही.

2:05. शोधल्यावर कारण सापडतं. फॅट-32, 4 जीबीची मर्यादा. दुपारच्या चार-चार तुकड्यांचा अर्थ आता लागतो.

समोर तीन वाटा आहेत. इमेजऐवजी फोल्डर करायचं. किंवा इमेज सी ड्राइव्हवर करायची. ती एनटीएफएस पद्धतीची आहे, जिला ही मर्यादा नाही; तिथे 6.8 जीबी आहेत, 4.2 लागतात. नाही तर ई ड्राइव्हच एनटीएफएसमध्ये बदलायची. विंडोजमध्ये त्यासाठी एका ओळीची कमांड आहे, फाइली न पुसता काम होतं. पहिल्या दोन्ही वाटांनी पुढच्या अर्ध्या तासात डिस्क हातात आली असती. पण सी ड्राइव्ह भरली की कंप्युटर रखडतो, हे त्याने वर्षानुवर्षं ऐकलेलं. आणि दोनदा तोच दगड लागल्यावर माणसाला तो दगडच काढून टाकावासा वाटतो. रात्री दोनला तर जास्तच.

कमांडच्या माहितीत एक ओळ होती, अशा माहितीत ती नेहमी असते: आधी बॅकअप घ्या.

2:14. तो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद करतो. काळ्या खिडकीत कमांड टाइप करतो. ड्राइव्हचं नाव विचारलं जातं, ते लिहितो. एंटर.

2:15. पडताळणी सुरू. ड्राइव्हवरचा निळा दिवा लुकलुकतो. तिच्यावर दोन्ही टेपांचे आठ तुकडे आहेत, एनकोड केलेला व्हिडिओ आहे, सहा वर्षांचे फोटो आहेत.

2:24. पडताळणी पूर्ण. लागणाऱ्या जागेचा हिशेब चालू.

2:29. फाइल सिस्टीम बदलणं सुरू. या टप्प्यात ड्राइव्ह ना धड जुन्या पद्धतीची असते, ना नव्या. मुलगा पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातो.

2:30 च्या सुमारास. उत्तर ग्रिडची मागणी 38,322 मेगावॅट. स्वतःची निर्मिती 32,636. उरलेले 5,686 मेगावॅट बाहेरून येत आहेत. फ्रिक्वेन्सी 49.68 हर्ट्झ. बीना–ग्वाल्हेरच्या त्या एका सर्किटवर हजारावर मेगावॅट चढले आहेत, आणि भार वाढला तसं वाहिनीवरचं व्होल्टेज उतरलं आहे.

2:33:11. बीना–ग्वाल्हेर वाहिनीच्या रिलेला जास्त प्रवाह आणि कमी व्होल्टेज दिसतं. कुठे तरी दूर शॉर्ट झाल्यावर असंच दिसतं. रिले वाहिनी तोडतो. शॉर्ट कुठेच झालेलं नव्हतं. झाड पडलं नव्हतं, तार तुटली नव्हती. समितीला पुढे वाहिनीत दोष सापडला नाही. जास्त भार होता आणि यंत्राने तो दोष म्हणून वाचला. इकडे 200 जीबी मोकळ्या ड्राइव्हला कंप्युटरने भरलेली म्हटलं होतं, तिकडे धडधाकट वाहिनीला रिलेने नादुरुस्त ठरवलं.

पुढचे काही सेकंद. पश्चिमेची वीज दुसऱ्या वाटा शोधते. पूर्वेकडून वळसा घालून येऊ बघते. त्या वाटा लांब आणि लहान आहेत, त्या एकामागून एक तुटतात. उत्तर ग्रिड एकटी पडते. फ्रिक्वेन्सी कोसळते. ती कोसळली की भार आपोआप तोडणाऱ्या रिलेंनी राज्याराज्यांत फीडर सोडायला हवे होते. जेवढे सोडायला हवे होते तेवढे सुटत नाहीत. दिल्ली, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, हरियाणा, पंजाब, राजस्थान, हिमाचल, जम्मू-काश्मीर, चंदीगड. सुमारे 36,000 मेगावॅटचा भार गेला.

इंदिरापुरम. स्वयंपाकघरातली ट्यूब विझते, इन्व्हर्टर खट्‌ करतो, ट्यूब लागते. पंखा तर मंदसुद्धा झाला नाही. बाहेरच्या खोलीतून सीपीयू पुन्हा सुरू झाल्याची एक छोटी शिट्टी ऐकू येते. सोसायटीचा जनरेटर अर्ध्या मिनिटाने धडधडतो.

2:36. विंडोज उघडतं. ई ड्राइव्ह दिसते, पण तिच्यापुढे आकडा नाही. क्लिक केल्यावर प्रश्न येतो: ही ड्राइव्ह फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करायची का?

तो "नाही" दाबतो. त्या रात्रीचा हा एक निर्णय बरोबर होता.

सकाळ. आधी रेल्वे, मेट्रो, विमानतळ, इस्पितळं. भूतानच्या जलविद्युत केंद्रांची वीज दिल्लीच्या अत्यावश्यक सेवांकडे वळवली जाते. शेकडो गाड्या अडकल्या आहेत. जनरेटरचं डिझेल वाचवायला सोसायटी लिफ्ट बंद ठेवते, बॅगा जिन्याने उतरवाव्या लागतात. ऊर्जामंत्री सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. ते चौकशी समिती जाहीर करतात. उत्तर ग्रिड पूर्ण उभी राहायला दुपारचे चार वाजतात. त्याआधीच कुटुंब कॅमेरा, दोन्ही टेपा आणि ती ड्राइव्ह एका पिशवीत घालून निजामुद्दीनला गेलेलं आहे.

मंगळवार, 31 जुलै, दुपारी 1. पुन्हा बीना–ग्वाल्हेर, पुन्हा तसंच. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रिड जातात. 48,000 मेगावॅट, 60 कोटींवर माणसं. पश्चिम ग्रिड शाबूत राहते, आणि गाडी तोवर महाराष्ट्रात आलेली असते. त्याच दिवशी शिंदे यांच्याकडे गृहखातं येतं.

बुधवार, 1 ऑगस्ट, सांगली. कार्यालयात प्रोजेक्टर आहे, डीव्हीडी प्लेअर आहे. डीव्हीडी नाही. जेवणानंतर कॅमेराच तारेने टीव्हीला जोडतात आणि टेपा चालवतात. पहिली पूर्ण. दुसरीत 14 मिनिटं पोरांच्या शुभेच्छा. मग चित्र एकदम मागच्या अंगणात जातं, आजी पंगतीत वाढते आहे. आजोबा विचारतात, "ही घरातून कधी बाहेर आली?"

ऑगस्ट. समितीचा अहवाल 16 तारखेला येतो. एका सर्किटवर अवलंबून राहणं, राज्यांनी जास्त वीज ओढणं, ताण दिसत असून भार वेळेवर न उतरवणं आणि शेवटी रिलेचं ते वाचन, अशी कारणं त्यात आहेत. ड्राइव्ह परतीच्या वाटेवर पुण्यात डेटा रिकव्हरीवाल्याकडे दिलेली असते. महिन्याभराने ती येते. आठपैकी तीन तुकडे धड निघाले आहेत. तिन्ही पहिल्या टेपचे, आणि पहिली टेप कपाटात आहेच.